फलकावरचे ‘आम्ही’

माघ सरता सरता आमच्या भागातली हवा पिवळी होते, असे म्हटले तर बाहेरच्या माणसाला तो अलंकार वाटेल. तसे ते नाही. शेताच्या बांधावर काहिली चढतात, खाली पऱ्हाट्यांचा जाळ धडधडतो, वर ओली गोणपाटे दाबून झाकलेली असतात, आणि त्या गोणपाटांच्या कडेकडेने हळदीची जी वाफ निसटते तिच्या वासालाच एक रंग असतो. ओल्या मातीचा, थोडा कापराचा, थोडा बाळंतिणीच्या खोलीचा असा तो वास. हळद शिजली की खळ्यावर पसरतात. मग कित्येक दिवस बायकांचे तळहात, पोत्यांची तोंडे, गाडीची चाके, इतकेच काय, खळ्यात घुसून बसलेल्या शेळ्यांचे गुडघेही पिवळे दिसतात. आता काहिलींच्या जागी पुष्कळ ठिकाणी लोखंडी कुकर आले आहेत. त्यांनी वेळ वाचवला, सरपण वाचवले. वास मात्र त्यांना बदलता आला नाही. यंदाही तो खिडकीतून आत आला आणि ज्या हंगामात मी गावोगाव हिंडून पाट्या वाचत होते, तो हंगाम त्याच्या पाठोपाठ आत आला.

मी मराठी शिकवीत असे. दुसऱ्यांनी लिहिलेले उलगडून सांगणे एवढेच माझे काम, आणि तेही वर्गाच्या चार भिंतींत. स्वतः काही लिहावे असे साठी उलटेपर्यंत वाटले नाही. वाटले तेव्हाही धीर झाला नाही. म्हणून हे लिहिताना शब्द पारखून घेत आहे. चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

शतक कूस बदलत होते आणि हिंगोली जिल्हा झाली होती. तोपर्यंत आमच्या प्रत्येक पत्त्याचा शेवट ‘जि. परभणी’ असा होत असे. एका मोठ्या घरातल्या धाकट्या भावाने वेगळी चूल मांडावी आणि पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात यावे की आपल्याकडे परातही नाही, तशी नव्या जिल्ह्याची गत होती. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, खुर्च्या उसन्या, शिक्के अजून यायचे. पण उत्साह असा की बाजारातले लोक एकमेकांना ‘जिल्ह्याला आलो होतो’ असे मुद्दाम सांगत, जणू ते काल राहत होते ते गाव हे नव्हेच. गफूरभाई पेंटरला त्या दिवसांत जेवायला सवड नव्हती. दुकाने, शाळा, दवाखाने, साऱ्यांच्या दारावरची ‘परभणी’ तो पत्र्याने खरवडून काढी आणि तिथे ‘हिंगोली’ लिही. एका मुख्याध्यापकांनी त्याला ओळीच्या मध्येच अडवले, ‘ता. हिंगोली’ झाल्यावर पुन्हा ‘हिंगोली’ कशाला, तुझे चुकले, असे त्यांचे म्हणणे. गफूरभाईने ब्रश डब्यात बुडवून शांतपणे सांगितले, “सर, अब तालुका भी अपना, जिल्हा भी अपना.” मुख्याध्यापक क्षणभर त्या दोन हिंगोल्यांकडे पाहत राहिले आणि मग त्यांनीच चहा मागवला.

जिल्ह्याचे ठिकाण म्हटले की पाहुणे आले. पाहुणे आले की त्यांना वाट दाखवणे आले, आणि वाटेच्या शेवटी जे जुने देऊळ, जुनी वेस, जुनी बारव असेल तिच्याविषयी दोन शब्द सांगणे आले. वाटा दाखवणारे आणि माहिती देणारे जुने फलक तपासून नवे करावेत असे ठरले. या कामावर नेमलेले साहेब दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आले होते. सज्जन, काटेकोर, आणि आमच्या उन्हाला नवे. मजकुराची भाषा तपासायला कोणीतरी हवे म्हणून माझे नाव कोणी सुचवले कोण जाणे. मी नकार द्यायला गेले होते. साहेबांनी इतक्या आदराने खुर्ची पुढे केली की नकार तोंडातच राहिला.

अशा रीतीने मी जीपच्या मागच्या आसनावर बसून जिल्हा पाहिला. नरसीच्या फाट्यावर प्रसादाच्या दुकानांच्या ओळीत हरवलेली पाटी पाहिली. तिच्यावर कोणीतरी घोंगडी वाळत घातली होती. कनेरगाव नाक्यावर वाशीमकडून येणाऱ्या वाहनांसाठी बाण कोठे लावावा याचा खल झाला, तेव्हा ढाब्यावरचा एक गृहस्थ बाजेवर उठून बसला आणि म्हणाला, “पाटी काहून? इचारलं की सांगतोच की आमी.” त्याचे बरोबर होते. आमच्याकडे रस्ता वाचायचा नसतो, विचारायचा असतो. ‘जेवत्या हाताला वळा’, ‘बाभळ लागली की खालतं उतरा’, आणि कितीही दूर असले तरी ‘हे काय, इथंच’. साहेब वहीत किलोमीटर मागत होते आणि त्यांना मिळत होती बाभळ.

जुने फलक वाचता वाचता एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. शिकवण्याच्या सवयीचा तो परिणाम असावा. फलकांच्या मराठीत कर्ता नसतो. ‘बांधण्यात आले’, ‘जतन करण्यात येत आहे’, ‘प्रवेश दिला जात नाही’. कोणी बांधले, कोण जतन करतो, कोण प्रवेश देत नाही, याचा पत्ता वाक्यात कोठेच लागत नाही. क्रिया आपोआप घडतात, पाऊस पडावा तशा. वर्गात मी कर्मणी प्रयोग शिकवी तेव्हा तो केवळ एक प्रयोग होता. फळ्यावर उदाहरण दिले, पुसले, संपले. रस्त्याच्या कडेला उन्हात तापलेल्या पत्र्यावर तो वाचताना मात्र मला वाटू लागले की वाक्यातून कर्ता जातो तो नेहमी विनयानेच जातो असे नाही. पण हा विचार मी कोणाला बोलून दाखवला नाही. तेव्हा मी बहुतेक विचार बोलून दाखवीत नसे.

डोंगरकड्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावरून आत गेल्यावर एक गाव लागते. नाव लिहीत नाही. गावाला ते आवडेल की नाही हे मला आजही ठरवता आलेले नाही. तिथे एक बारव आहे. चौकोनी, काळ्या दगडाची, चारी बाजूंनी पायऱ्या उतरत जाणारी, भिंतीतल्या देवळ्यांत आता मूर्ती नाहीत, पारवे आहेत. बारवेच्या एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला बौद्धवस्ती. आम्ही गेलो तेव्हा गावभर हळद चालू होती. पारव्यांच्या घुमण्यातून आणि वाफेतून वाट काढीत आम्ही बारवेच्या काठाशी पोहोचलो. फलक होता. गंजलेला, एका बाजूला कललेला. कोणी कोणे काळी मोठ्या हौसेने लिहिले होते : ‘ही प्राचीन बारव शेकडो वर्षे संपूर्ण गावाची तहान भागवीत असे.’

गोड वाक्य. अशी वाक्ये आपण निबंधात किती लिहितो. मी मनातल्या मनात र्‍हस्व-दीर्घ तपासले, चूक नव्हती.

तेवढ्यात वस्तीच्या बाजूने दोघी जणी आल्या. एक अंगणवाडीच्या सेविका, सुनंदाबाई; त्यांनीच साहेबांना भेटायचे म्हणून निरोप पाठवला होता. दुसरी त्यांची सासू, गयाबाई. साठीच्या पुढची, बारीक, पांढऱ्या लुगड्यातली, हाताला हळदीचा रंग, कारण त्या दिवशी ती गावात एका खळ्यावर हळकुंडे वेचून आली होती. गयाबाईने म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात अक्षरे गिरवली होती, आणि दिसेल ते वाचल्याशिवाय तिला राहवत नसे. तिने फलकासमोर उभे राहून एकेक अक्षर बोटाने हवेत ओढीत वाचले, “सं-पू-र्ण गा-वा-ची...” आणि समाधानाने मान हलवली. “बराबर लिवलंय.”

सुनंदाबाईंचा संताप झाला. त्या त्यासाठीच तर आल्या होत्या. “काय बराबर, आत्याबाई? संपूर्ण कसं म्हणतेत?”

“गावाची तहान म्हनलंय. आमी गावात कवा होतो?”

तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. घड्याळात किती वाजले ते सांगावे इतके ते सरळ होते. नंतर मी लक्ष देऊन ऐकू लागले तेव्हा कळले की वस्तीतली माणसे किराणा आणायला निघाली तरी ‘गावात जाऊन येतो’ असे म्हणतात. मतदारयादीत गाव एक, टपालात एक, पण बोलण्यात ‘गाव’ हा शब्द बारवेच्या अलीकडच्या काठाशी थांबतो. कोशात या अर्थाची नोंद मला आढळली नाही.

बारवेच्या कठड्याबाहेर, वस्तीच्या अंगाला, एक लांबट सपाट दगड आहे. गयाबाई आम्हांला तिथे घेऊन गेली. लग्न होऊन आली तेव्हापासून बहात्तरच्या दुष्काळानंतर वस्तीत हापसा बसेपर्यंत ती रोज या दगडापाशी घागर ठेवून थांबत असे. कठड्याच्या आत पाऊल टाकायचे नाही. गावातली एखादी बाई पाणी घेऊन वर आली आणि तिच्या मनात आले, तर ती वरून धार धरी. ही गोष्ट गावात कोणाला नवी नव्हती. ‘थांबायचा दगड’ म्हणूनच लहानथोर त्याला ओळखत. फलकाला मात्र त्याची ओळख नव्हती.

गयाबाईला त्या दगडाविषयी फलकावर एक ओळ हवी होती. तिच्याबरोबर थांबणाऱ्या साऱ्या जणी एकेक करून गेल्या होत्या. ती गेली की दगड नुसता दगड राहणार होता. तिने हे रडून सांगितले नाही. सहलीला येणारे लोक पायऱ्या पाहतात, देवळ्यांचे फोटो काढतात आणि मग या दगडावर बसून शेंगा खातात, असे ती म्हणाली. तिची त्याला हरकत नव्हती.

“खाऊ द्या. पर कशावर बसलो ते कळू द्या.”

त्या हंगामात जे काही घडले ते या एका ओळीसाठी घडले.

सरपंच माधवरावांच्या कानावर ही मागणी आमच्या आधी पोहोचली होती. धिप्पाड, बोलका, फेट्याचे टोक खांद्यावर टाकून चालणारा माणूस. गावासाठी कचेऱ्यांत खेटे घालण्यात त्याचे अर्धे आयुष्य गेले होते. त्याने आमचे स्वागत चांगले केले, ऊस सोलून दिला, आणि मग मला बाजूला घेऊन हळूच विचारले, “बाई, तुमी पाटी लिवून राहिल्या का पंचनामा?”

मला हसू आले आणि ते त्याने बरोबर हेरले. मग तो मोकळा बोलला. त्याचे म्हणणे असे की जे झाले ते झाले. आता वस्तीतली आणि गावातली पोरे एका बाकावर बसतात, एका ताटात नसली तरी एका पंक्तीत जेवतात. उद्या सोयरे येतील, पाहुणे येतील, पहिल्याच फलकावर गावाचे वाभाडे वाचतील. आणि सगळ्या गावांतून हेच होते, मग पाटी आमच्याच गावाला का? तो माणूस खोटे बोलत नव्हता. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेने त्याला वकील केले होते.

साहेबांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत बैठक बोलावली. खोलीच्या बाहेर हळद वाळत पडली होती आणि दारातून आत येणाऱ्याच्या पावलांबरोबर तिची पूड फरशीवर उमटत होती. मी रात्रभर बसून काही मसुदे केले होते. सुनंदाबाईंनी स्वतःचा मसुदा आणला होता आणि तो माझ्या मसुद्यांपेक्षा स्वच्छ होता : अस्पृश्यतेमुळे येथे आमच्या समाजाला पाणी घेण्यास मनाई होती. घटनेने गुन्हा ठरवलेली गोष्ट त्याच नावाने लिहावी, लपवायचे कोणी आणि कशाला, असे त्यांचे म्हणणे. पण गयाबाईला तो शब्द नको होता. तिची नात रोज त्या वाटेने शाळेत जाते. घराच्या दारासमोर, सरकारी पत्र्यावर, जाता-येता त्या पोरीने तोच शब्द वाचायचा का? सासू-सुनेत तिथेच जुंपली. सुनंदाबाई म्हणाल्या की शब्द झाकून ठेवला म्हणून तो मरत नाही. गयाबाई म्हणाली की दारात बांधून ठेवला म्हणूनही मरत नाही. दोघींचे बरोबर होते, आणि दोघींचे बरोबर असणे हीच अडचण होती.

माधवरावांनी ही संधी साधली. लिहायचेच असेल तर सगळे लिहा, ते म्हणाले. त्यांची आई त्या दगडापाशी वरून पाणी घालीत असे. लहान असताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. “आमची माय पाणी घालत होती. तिलाबी लिवा की मग.” एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज ‘माय’ म्हणताना एकदम पोरका झाला.

गयाबाई त्यांच्याकडे वळली. मग म्हणाली, “घालत होती तुझी माय. न्हाई म्हनत न्हाई. समद्यांचं झाल्यावर घालत होती.” तिने पदराने ओठ पुसले. “पर मी पोटुशी होते तवा एकदा तिनं मला पयलं घातलं. घरची घागर बाजूला ठेवून. तिला बोलनी बसली असंल घरी. ते मी इसरले न्हाई.”

माधवरावांनी ही गोष्ट कधी ऐकलेली नव्हती. आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिच्याविषयी नवे काही ऐकायला मिळेल हे त्यांच्या ध्यानीमनी नसावे. ते खिडकीतून बाहेर पाहू लागले. कोणाकडेही न पाहता, “मंग न्हाई लिवलं तरी चालंल तिचं,” एवढे म्हणाले. त्यांना पाटीवर जी नोंद हवी होती ती त्यांना दुसरीकडे मिळाली होती, असे मला वाटते.

आता माझ्या मसुद्याची पाळी आली. साहेबांनी वाचून दाखवला : ‘बारवेच्या काठावरील या शिळेपाशी काही समाजघटकांना पाण्यासाठी प्रतीक्षा करावी लागत असे.’ साहेबांना तो पसंत होता. कोणाचा अपमान नाही, कोणावर आरोप नाही, व्याकरण निर्दोष. गयाबाईने विचारले,

“हे कोन?”

“कोण?” साहेब म्हणाले.

“हे समाज... घटक. हे कोन थांबले तिथं?”

सुनंदाबाईंनी कपाळाला हात लावला. “आत्याबाई, म्हणजे आपण.”

“व्हय?” म्हातारीला खरेच आश्चर्य वाटले. “मंग आमी म्हना की.”

खोलीत आधी कोणी तरी हसले. मग ते हसणे आपोआप विरले, कारण प्रत्येक जण ते वाक्य मनातल्या मनात जुळवून पाहू लागला होता. सर्वांत आधी पटले ते माधवरावांना. ‘आम्ही’ म्हटले की गावाचे नाव येत नाही, जातीचे येत नाही, कोणाचे वाभाडे नाहीत. त्यांनी मांडीवर थाप मारून संमती दिली. सुनंदाबाईंना अर्धेमुर्धे पटले. त्यांच्या मते सासूने बोथट सुरी निवडली होती. साहेबांना मात्र अजिबात पटेना, आणि त्यांची अडचण खोटी नव्हती. फलक जिल्हा प्रशासनाचा. त्यावर ‘आम्ही’ लिहिले तर ते ‘आम्ही’ म्हणजे प्रशासन होईल. प्रशासन कुठे दगडापाशी थांबले होते? सरकारी फलक प्रथमपुरुषात बोलल्याचे उदाहरण त्यांच्या पाहण्यात नव्हते. आणि उद्या कोणी विचारले की हे आम्ही कोण, तर?

त्यांनी माझ्याकडे पाहिले. भाषेपुरती बाई मीच होते. एवढ्या माणसांत मी कधी बोलले नव्हते. वर्गात समोर मुले असतात, ती माणसांत धरीत नाहीत. मी टेबलाच्या कडेकडे पाहत, वर्गात सांगते तसेच सांगत गेले. सुनंदाबाई मघाशी ‘आपण’ म्हणाल्या आणि गयाबाई ‘आम्ही’ म्हणाल्या. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आपण’ म्हटले की ऐकणारा त्यात येतो. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. फलक वाचणारा माणूस या वाक्याच्या बाहेरच उभा राहील. बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला विचारावे लागते. त्याने विचारावे म्हणूनच हा शब्द ठेवावा. एवढे बोलून मी थांबले, आणि आपण फार बोललो असे वाटले.

“आन् इचारलं तर?” साहेबांचाच प्रश्न उचलून गयाबाईने उत्तर दिले. “मी हाय की. सांगंन.”

साहेब सज्जन होते हे मी आधी लिहिले आहे. सज्जन माणसाला कागदावर वाट सापडली की त्याला कोण आनंद होतो. ते थोडा वेळ पेन्सिल फिरवीत बसले आणि मग त्यांनी वाक्याच्या अलीकडे व पलीकडे अवतरण चिन्हे टाकली. “हे आता कोणाचं तरी बोलणं झालं,” ते समाधानाने म्हणाले. “शासनाचं म्हणणं नाही. माझी सही चालेल.” ‘संपूर्ण गावाची’ हे शब्द मात्र त्यांनी स्वतःहून काढले.

फलक रंगवायला अर्थातच गफूरभाई आला. सायकलला डबे लटकावून, डोक्याला ओला रुमाल बांधून, हळदीच्या पोत्यांच्या सावलीत त्याने पत्रा मांडला. तो त्या वाक्याशी येऊन अडला. गयाबाईने सांगितलेले शब्द आणि माझ्या कागदावरचे शब्द त्याने ताडून पाहिले होते. “बाई, आमी लिखूं के आम्ही?” मी गयाबाईकडे पाहिले. वाक्य तिचे होते. तिने क्षणभर विचार केला आणि नातीला शाळेत शिकवतात तसेच लिहायला सांगितले, म्हणजे पोरीला वाचताना तकलीफ नको. अवतरण चिन्हांपाशी गफूरभाईने पुन्हा विचारले की हे दोन-दोन कावळे कशासाठी. मी समजावून सांगितले. त्याला ते पुरेसे महत्त्वाचे वाटले असावे, कारण त्याने ती हळकुंडाएवढी मोठी काढली.

‘बारवेच्या काठावरील या दगडापाशी आम्ही पाण्यासाठी थांबत होतो.’

आज त्या गोष्टीला बरीच वर्षे झाली. मधल्या काळात रस्ते रुंद झाले, फाट्यांवर हिरवे चकाकणारे फलक आले, अंतरे अचूक झाली. औंढ्याला जाणारा माणूस आता बाजेवरच्या कोणाला काही विचारीत नाही. गयाबाई गेली. सुनंदाबाई निवृत्त झाल्या. भेटल्या की अजूनही म्हणतात, मॅडम, माझंच वाक्य लिहायला पाहिजे होतं. मी कधी त्यांच्या बाजूची असते, कधी गयाबाईच्या. मागे एकदा त्या वाटेने जाणे झाले तेव्हा पाहिले, कुठल्याशा नव्या रंगरंगोटीत अवतरण चिन्हे गळून पडली आहेत. आता ते वाक्य कोणाचे बोलणे राहिलेले नाही. साहेबांना ज्याची भीती होती तेच झाले आहे, आणि कोणाचे काही बिघडलेले दिसले नाही.

पण मला आठवतो तो फलक उभा राहिल्यानंतरचा एक दिवस. शिमगा नुकताच होऊन गेला होता, बांधावरचे पळस पेटलेले होते, गावातली हळद बहुतेक पोत्यांत गेली होती. मी साहेबांबरोबर शेवटची पाहणी करायला गेले होते. समारंभ असा काही नव्हता. माधवराव होते, फलकाचे खांब पुरेसे खोल गेले आहेत की नाही हे ते हलवून पाहत होते. गयाबाई त्या दगडावर बसली होती. दर दिवशी ती दुपारची येऊन बसते असे सुनंदाबाई हसत सांगत होत्या. कोणी विचारील म्हणून. अजून कोणी विचारले नव्हते.

तेवढ्यात एक गाडी येऊन थांबली. नांदेडकडचे कुटुंब, औंढ्याला निघालेले, मोठ्या रस्त्यावरचा बाण पाहून आत वळलेले. नवरा, बायको, एक वृद्ध गृहस्थ. तिघे बारवेत उतरून आले, देवळ्या पाहिल्या, पारव्यांना टाळ्या वाजवून उडवले. मग वृद्ध गृहस्थ फलकापाशी आले आणि चष्मा वर करून मोठ्याने वाचू लागले. शेवटच्या ओळीवर त्यांचा आवाज अडखळला. त्यांनी ती पुन्हा वाचली. मग वळून त्यांनी साहजिकच सर्वांत जवळ उभ्या असलेल्या, फेटा बांधलेल्या माणसाला विचारले,

“हे आम्ही म्हणजे कोण?”

गयाबाई दगडावरून उठू लागली. तिने सांगायचे ठरलेले होते. तिने ते मनात कितीदा जुळवले असेल. मला वाटले माधवराव बाजूला सरतील आणि तिच्याकडे बोट दाखवतील. इतकेच त्यांना करायचे होते, आणि इतके केले असते तरी कोणी त्यांना नावे ठेवली नसती. त्यांनी खांबावरचा हात काढला. गयाबाईकडे पाहिले. ती अर्धवट उठलेली तशीच थांबली.

“ह्या,” ते म्हणाले. “ह्या आन् ह्यांच्या संगतीच्या. ह्या थांबत होत्या.”

गृहस्थांना तेवढ्याने उलगडा झाला नसावा. ते वाट पाहत उभे राहिले. माधवरावांनी फेट्याचे टोक खांद्यावरून पुढे घेतले, हातात धरले.

“थांबवनारे आमी,” ते म्हणाले.